दादाच्या विहिरीचं पाणी

मंडळी, ऐका! मला आधी सांगा, लोखंड कशानं गंजतं? — "खाऱ्या वाऱ्यानं!" वा! काका लगेच बोलले, घर किनाऱ्यावर दिसतंय! पण काका, खारा वारा सगळ्यांच्याच दारात. मग एकाचाच कठडा का मोडावा?

तर काय झालं — जयवंत चिंदरकर! घर अगदी समुद्राला लागून, माडीला लोखंडी कठडा. चतुर्थी जवळ आली की हा रंगाचा डबा घेऊन हजर! बायको शेवंती म्हणायची, "अहो, आधी गंज खरवडा! गोड्या पाण्यान मीठ धुवा, सुकू द्या, मगे रंग लावा!"

बरोबरच होतं तिचं! पण गोडं पाणी आणायचं कुठून? नळाला येतं ते प्यायलाच पुरत नाही. दारातली विहीर मचूळ, खारट. गोडी विहीर चढावावर — सख्ख्या थोरल्या भावाच्या परड्यात, घरामागच्या परसात! आणि दादाशी अबोला. कशावरून? एका फणसाच्या झाडावरून! हसू नका... तुमच्याकडे काय, आंब्यावरून असेल!

"त्याच्या दारात मी बादली घेऊन जाऊ?" जयवंत गरजला. खारट पाण्यानंच कठडा धुतला! मिठावर मीठ — आणि वर निळाशार रंग! पाहुणे म्हणाले, "काय चकाकता हो!" दरवर्षी हेच! आत काय चाललंय, कोण बघतो?

विसर्जनाचा दिवस. ढोल वाजतायत, गणपती अंगणातून निघाला. शेवंती माडीच्या कठड्यावरून वाकली, हात जोडले — आणि कडाड्!

खाली झावळ्यांचा ढीग होता म्हणून जीव वाचला हो! हात मोडला. ढोल थांबले. जयवंतानं तुटलेला गज उचलला — वर निळी साल, आत नुसता भुगा! बोटांतून गळतोय! आणि ती कण्हत विचारते, "तुमका माझ्यापेक्षा तो फणस मोठो झालो?"

फणस मोठा की माणूस? सांगा ना!

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन तो चढाव चढला. दादाच्या फाटकाशी उभा. बादली खाली ठेवली. "दादा... थोडा पाणी देतंस?"

दादानं फाटक नुसतं ढकललं. म्हणाला, "भायर कित्याक उभो? शेवंतीचो हात कसो आसा?"

जयवंत तिथंच रडला, मंडळी! इतकी वर्षं त्या फाटकाला कडीसुद्धा नव्हती!

आता टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी आठवा — तुमचं गोडं पाणी कुणाच्या परड्यात आहे? सणाला त्याला लांबून नमस्कार करता, तो वरचा रंग झाला! घरी जा, कठड्याला नख लावून बघा. आणि लवकर बघा हो... त्या कठड्याला टेकून तुमचंच माणूस उभं आहे!