भर मॅरेथॉनमध्ये मामानं पाय धुतले

सगळा दोष जगदेवमामाचा. हो, नाव घेऊनच सांगतो, सख्खा मामा असला म्हणून काय झालं? तुमी त्याच्या गावी इंझोरीत जाऊन कोणालेही विचारा, तो हेच सांगणार की मामा लय मानाचा माणूस आहे, खता-बियाण्याचं स्वतःचं कृषी केंद्र आहे, अन् तेच तं दुखणं आहे न बाप्पा! मानाच्या माणसानं आपला मान घेऊन आपल्या घरी बसावं, पण नाही... त्याले तो दुसऱ्याले द्यायचा असते, अन् तोही भर मॅरेथॉनमध्ये. मले काय, मले फक्त पळायचं होतं.

तुमाले सांगतो, मी मानोऱ्याचा. बीएच्या दुसऱ्या वर्षाले कॉलेज सोडलं, कारण सकाळी एक तं पळणं होत होतं नाही तं हजेरी लावणं, अन् कॉलेजात हजेरीशिवाय दुसरं काही होतच नव्हतं. घरी बाबा म्हणत, पळून कोणाचं पोट भरलं? शेजारचे मदनसिंगकाका म्हणत, पळतो तं मंग पोलीस भरतीत काहून नाही पळत? जो म्हातारा भेटन तो हेच विचारे, जसं काही ते मले सुचलंच नव्हतं! भरतीत पळायच्या आधी उंची मोजतात हो काका, अन् माही उंची बोटभर कमी भरते, अन् ते बोट मी काय बाजारात विसरून आलो? बाबाच्याच घरून कमी आलं ते. पण हे बाबाले कोण सांगणार? सांगतलं म्या. दोन दिवस बोलले नाही माह्याशी, तेवढाच सराव चांगला झाला.

आता हा मामा काय चीज आहे ते समजायले तुमाले वाशीमची रोडवरची मॅरेथॉन सांगावी लागते. हिवाळ्यातली. सहाले सुटणार होती, पण पाहुणे आठच्या पुढं आले, अन् मंग भाषणं... एक जण म्हणे पळाल्यानं आरोग्य सुधारते, दुसरा म्हणे आम्ही लहानपणी शाळेत पळतच जात होतो, अन् त्याले दोन पोरं धरून स्टेजवरून खाली उतरवत होते. आमी खाली चड्डीवर कुडकुडून राह्यलो. शेवटी एकदाचा झेंडा हलला, मी सुटलो, अन् पहिल्याच चौकात बाजूले फटफट फटफट... पाहतो तं मामा! मोटारसायकल माह्या बरोबरीनं, एका हातात मोबाईल, म्हणे भाचेबुवा इकडं पाहा, थोडं हासा, मामी पाहून राह्यली. आख्खी शर्यत त्या गाडीचा धूर माह्या नाकात. मी हातानं खुणावलं, मामा, मांगं सरा. मामाले वाटलं मी टाटा करून राह्यलो, त्यायनंही केला. नंबर आला नाही, खोकला आला. अन् मामा गावात सांगते, मी संगं होतो म्हणून पूर्ण तरी केली पोट्ट्यानं.

म्हणून पावसाळ्यात मानोऱ्याच्या डॉक्टरलोकायनं रानातली मॅरेथॉन काढली तवा मी खुश झालो. ट्रेल म्हणतात तिले, म्हणजे डांबर नाही, पांदणीची गाडीवाट, शेताचा धुरा, नाला, टेकडी, सोयाबीनच्या मधातून वाट. मी म्हटलं, काळ्या मातीत मामाची गाडी येऊच शकत नाही! अन् दुसरी गोष्ट, खरी गोष्ट, पुण्याच्या एका अकादमीचे सर येणार होते. पहिले तीन पोट्टे घेऊन जाणार, राहणं, जेवणं, सराव, सगळं तिकडं. उंची कोणी मोजणार नव्हतं. अट एकच, वय एकविसाच्या आत, अन् माह्यं एकविसावं दिवाळीत भरत होतं. म्हणजे ही शर्यत, नाही तं कोणतीच नाही. घरी सगळ्यायले सांगतलं, बाप्पाहो, मले ह्या वेळी एकट्याले सोडा. मले फक्त पळायचं आहे.

पण त्या साली श्रावण अधिक आला होता न... धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येते. अन् आमच्या वऱ्हाडात भाचा म्हणजे देव, तो मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पाया पडते. धोंड्याच्या महिन्यात तं भाच्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, अनारसे द्यायचे, लय पुण्य. मामानं तीनदा निरोप धाडला, पाय धुवायचे आहे, ये. मी म्हटलं, शर्यत झाली की येतो. तवाच माही माय, पंचफुलाबाई, माहेरी इंझोरीले गेली होती, अन् तिनं भोळेपणानं सांगून टाकलं की शर्यत आपल्याच वावराजवळून जाते. झालं! मामा म्हणे, मंग त्याले यायची काय गरज आहे?

शर्यतीच्या दिवशी रिमझिम. तांड्यावरचा सेवालाल सगळ्यायच्या पुढं, तो टेकडीवर बकऱ्यायसंगं पळत मोठा झालेला, त्याचा नादच नाही. दुसरा मी. मांगं बऱ्याच अंतरावर दानिश, इस्माईल टेलरचा पोरगा, माहा दोस्त. बूट चिखलानं जड झाले होते, पण तुमाले सांगतो, पाय असे चालून राह्यले होते की मलेच नवल... श्वास बरोबर, पोट हलकं, आयुष्यात पहिल्यांदा कोणी काही बोलून नाही राह्यलं! अन् इंझोरीच्या पांदणीत वळलो, तं पांदणीच्या मधोमध लाल प्लास्टिकची खुर्ची.

खुर्चीसमोर तांब्याची परात. बाजूले अंजनामामी, हातात गरम पाण्याची बादली. माय, नव्या लुगड्यात. मामा, पांढऱ्या टोपीत. अन् त्यायच्या मांगं गावातले सारे म्हातारे ओळीनं उभे, कारण एकाचा भाचा तो गावाचा भाचा, पुण्य काय एकट्या मामानंच घ्यावं?

मी बाजूनं जायले पाह्यलं. इकडं बोरीचे काटे, तिकडं नाली. मी जागेवरच पळत म्हटलं, मामा, शर्यत चालू आहे, तुमच्या पाया पडतो, सोडा. तं म्हातारे हळहळले, अरे अरे, भाच्यानं पाया पडतो म्हणू नये, मामाले पाप लागते! अन् मामा तेवढ्यात खाली, चिखलात, डोकं सरळ माह्या बुटावर. आता मले सांगा, काय करू? मामाच्या डोक्याले लाथ मारून पुढं जाऊ? मायनं सदऱ्याले धरलं.

"बस रे बापू," माय म्हणाली. "मामा पहाटेपासून उभा आहे. दोन मिनिटाचं काम आहे."

बसलो. बुटाची लेस सोडायले गेले तं काळ्या मातीनं तिची गाठ अशी लिंपलेली की सुटेना. मामीनं ओढली, मायनं ओढली, एक म्हातारा दातानं सोडतो म्हणे, पण त्याले दात कोठी होते? मामा म्हणे थांबा, अन् कमरेचा विळा काढून एका झटक्यात लेस कापली. दोन्ही बुटायची! मी वरडलो, तं मामा म्हणे, भेऊ नका भाचेबुवा, पायाले नाही लागू देत.

मंग गरम पाणी, हळद, कुंकू, अनारसे तोंडात, टोपी डोक्यावर, अन् एकेक म्हातारा येते, वाकते, वाकला की कंबर धरून उठते, अन् उठता उठता विचारते, शिक्षण काहून सोडलं? वाकून! पायावर डोकं ठेवून मले बोलणी! माहा मान अन् माही इज्जत एकाच परातीत. तितक्यात दानिश आला. आमच्याकडं पाह्यलं, छातीले हात लावून सगळ्या म्हाताऱ्यायले सलाम केला, अन् नालीवरून उडी मारून निंगून गेला. त्याच्या मांगून अजून एक, ज्याले मी ओळखतही नव्हतो, अन् मंग अजून तिघं.

शेवटी सुटलो. बूट मामानं सुतळीनं बांधून दिले, अशी बैलाले बांधतात तशी गाठ, पण धुतलेले ओले पाय त्या मोकळ्या बुटात गुळगुळीत... नाल्यात उजवा बूट चिखलानं ठेवून घेतला. मी खरंच सांगतो, उरलेलं एका बुटानं पळलो. तळव्याची कातडी सोलली, कुंकवाचं पाणी कोणतं अन् रक्त कोणतं ते समजेना. मी बसलेला असताना पुढं गेलेल्यायपैकी शेवटच्या तिघायले पुन्हा मांगं टाकलं. पण सेवालाल, दानिश अन् तो अनोळखी, हे समोरचे तिघं काही सापडले नाही. मले फक्त पळायचं होतं हो!

चौथा आलो.

दानिश पुढं आला, म्हणे, "भाई, मैं समझा तेरी शादी हो रही है. शादी में कैसे टोकता?" पुण्याच्या सरांले मी सगळं सांगतलं, पाय दाखवले, कापलेली लेस दाखवली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मामा तुमच्या पाया पडले? आमच्याकडे तर भाचा मामाच्या पाया पडतो." अन् त्यायच्या डोळ्यांत दिसलं की ह्या पोट्ट्याले धड खोटंही बोलता येत नाही.

तवर मामा मायले गाडीवर बसवून तिथं पोचलेच होते; मी मामाकडं पाह्यलं, म्हटलं आता तरी बोलतीन. मामा बोलले. म्हणे, सर, पाय धुतले म्हणून चौथा तरी आला, वाशीमले तं नंबरच नव्हता. माय म्हणे, जाऊ दे, मामाचा आशीर्वाद भेटला. बाबाही शर्यत पाहायले आले होते, ते हासले, बऱ्याच दिवसांनी.

पुण्याची जागा गेली, दिवाळीत वयही गेलं. सध्या मी मामाच्याच कृषी केंद्रात खताच्या गोण्या उचलतो.