नाणेघाटची सहल

(जुन्नर, सन २००३. कॉलेजमागची चहाची टपरी. इतिहासाचे विभागप्रमुख सुदर्शन सर आणि त्यांच्याच विभागात तासांवर शिकवणारा रत्नदीप.)

सुदर्शन सर : ...म्हणून सांगतो, सोमवारी तू पोरांना घेऊन नाणेघाटला जा. संस्थेनं गाडीबी मंजूर केली. कधीचा मागं लागला व्हतास ना?

रत्नदीप : सोमवारी मुलाखत आहे सर. माझ्या जागेची.

सुदर्शन सर : तुझी कसली? राखीव जागा हाय ती.

रत्नदीप : राखीव म्हणजे आमच्यासाठीच ना? अर्ज माझा एकट्याचा. नेट पास आहे. चार वर्षं हाच विषय तासांवर शिकवतोय.

सुदर्शन सर : चांगलं शिकवतोस. न्हाई कोण म्हणतंय?

रत्नदीप : तुम्ही. समितीत बसून, दोनदा. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही.’

सुदर्शन सर : हळू बोल. टपरीवाल्या गेणूभाऊचा कान हिकडंच हाय.

रत्नदीप : पहिल्यांदा काय कारण दिलंत? उच्चार शुद्ध नाहीत.

सुदर्शन सर : ते संस्थेच्या सेक्रेटरींनी काढलं. बाकीच्यांनी नुसत्या सह्या केल्या.

रत्नदीप : तुमचे उच्चार कुणी तपासले सर?

सुदर्शन सर : मी परमनंट हाय लेका. मला कोण तपासतंय!

रत्नदीप : दुसऱ्या वेळी अगदी शुद्ध बोललो. तेव्हा म्हणालात, पाठ केल्यासारखं बोलतो.

सुदर्शन सर : जाऊ दे ना ते. यंदा तिसरी जाहिरात. यंदाबी कुणी मिळालं न्हाई, तर जागा खुली करून मागता येती. सेक्रेटरींची पुतणी वृषाली एम.ए. झालीय. आता तूच समज.

रत्नदीप : समजलो. माझ्याच नोट्सवर झालीय ती. मग मला कशाला सहलीला पाठवताय? येतो मी, ठरवा पुन्हा अपात्र.

सुदर्शन सर : यंदा विद्यापीठाचे तज्ज्ञ बाहेरचे हायेत. ते विचारणार, अपात्र माणूस चार वर्षं वर्गावर कसा? उत्तर कुणी द्यायचं? मी.

रत्नदीप : मग खरं सांगा.

सुदर्शन सर : आमची लेक अश्विनी संस्थेच्याच शाळेत शिकवती. अजून कायम केलं न्हाई तिला.

रत्नदीप : म्हणून मी गायब व्हायचं.

सुदर्शन सर : उमेदवारच आला न्हाई, तर कुणाला खोटं बोलायला नको. तुझे तास चालू राहतील, माझा शब्द. आन् तुमच्या लोकांना काय, सवलतीत कुठंबी लागशील.

रत्नदीप : तुमच्या लोकांना.

सुदर्शन सर : तसं न्हाई म्हणलो मी. आपण एका डब्यात जेवतो राव.

रत्नदीप : कॉलेजात जेवतो. पिंपळवंडीला, तुमच्या घरी?

सुदर्शन सर : ...आई जुन्या वळणाची हाय. तुला म्हाईत हाय ते.

रत्नदीप : हो. कॉलेज तरी नवं आहे असं वाटलं होतं.

सुदर्शन सर : हे बघ, पोरांना सकाळीच सांगितलंय. नाचली समदी. ती साक्षी तर म्हणती, रत्नदीप सर दगडावरचा लेख वाचून दाखवणार.

रत्नदीप : मला विचारायच्या आधी पोरांना सांगितलंत?

सुदर्शन सर : तुला विचारलं असतं तर न्हाई म्हणला असतास.

रत्नदीप : आता म्हणतो. सोमवारी मी मुलाखतीला येणार.

सुदर्शन सर : हात जोडतो. मला परत सही करायला लावू नकोस.

रत्नदीप : करा ना. मी समोर बसलेला असताना करा.

सुदर्शन सर : जूनपासून तास मिळायचे न्हाईत तुला. मी काय करू शकणार न्हाई.

रत्नदीप : माहीत आहे.

सुदर्शन सर : आन् पोरं?

रत्नदीप : त्यांना तुम्ही सांगा सर. मला ते जमणार नाही.