दिनकर मगदूमने नोकरी का सोडली?

मंडळी, ऐका! मागची मंडळी, पुढे या — पुढची सतरंजी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली नाही! माईकवाले, ती शिट्टी बंद करा. एका वेळी एकानेच ओरडायचं असतं, आणि आज ती पाळी माझी आहे.

एक प्रश्न विचारतो. लगेच उत्तर देऊ नका; लगेच दिलेलं उत्तर बहुधा घोकलेलं असतं. माणूस एखादी गोष्ट सोडतो. नोकरी सोडतो, भावाशी बोलणं सोडतो, रोजची पोथी सोडतो. कुणी विचारलं ‘का सोडलीत?’, की कारण सांगतो. ते कारण सोडण्याआधी होतं, की सोडल्यानंतर बनवलं? बोला!... गप्प! ‘प्रसाद कुणाला मिळाला नाही?’ असं विचारलं असतं तर शंभर हात वर आले असते!

असो. आख्यान ऐका. यात राजा नाही, राक्षस नाही, शाप देणारा ऋषी नाही. यात आहे एक बॉयलर! हसू नका. देवाला चराचरात पाहायला सांगतात, तर बॉयलरने काय घोडं मारलंय?

इचलकरंजीत कापड रंगवायचा एक कारखाना. रंगाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरला सरकारी दाखला असलेला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमचा दिनकर मगदूम. वय चव्वेचाळीस. नोकरी सोळा वर्षं. काम काय? बॉयलरसमोर बसायचं आणि दर तासाला उठून दोन गोष्टी पाहायच्या — वाफेचा दाब किती, आणि काचेच्या नळीत पाणी किती. पाहायचं, आणि तक्त्यावर लिहायचं. बस्स! पण आत पाणी संपलं आणि खाली जाळ चालू राहिला, तर बॉयलर फुटतो. आणि फुटताना तो समोरच्याचा दाखला वाचत बसत नाही, मंडळी!

म्हणून दर तासाला उठायचं. आता सोळा वर्षं दर तासाला कोण उठेल? तुम्ही? अहो, तुम्ही आरतीला उठत नाही, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून अर्धे उठता!

त्या खात्यात एक जुनी चाल होती. सकाळी सातला पाळीवर आलं, की पहिल्या तासातच दुपारी तीनपर्यंतचे आकडे भरून टाकायचे. मग मोकळे! दिनकर त्यात तरबेज. सगळे आकडे सारखे लिहिले तर संशय येतो ना? मग आठला दहा, नऊला दहा पूर्णांक एक, दहाला नऊ पूर्णांक नऊ. किती नाजूक हात! जी वाफ अजून तयारही झाली नाही, तिचा दाब पठ्ठ्या आधीच लिहून मोकळा. भविष्य सांगणारे फी घेतात हो, हा पगारात करत होता!

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पाण्याचा पंप बंद पडला. दिनकर कँटीनमध्ये. नशिबाने बॉयलर आपोआप विझला, कुणाला खरचटलंही नाही. साडेअकराला मॅनेजर आला. पाहतो तर बॉयलर थंड पडत चाललाय, आणि तक्ता म्हणतोय — दुपारी दोनला दाब दहा, तीनला दहा पूर्णांक एक!

मॅनेजर ओरडला नाही. चार माणसांसमोर एवढंच म्हणाला, “मगदूम, ‘चूक झाली’ असं लिहून द्या आणि कामाला लागा.”

एवढंच! पगार कापला नाही, काढून टाकलं नाही. एक ओळ मागितली. आणि आमच्या दिनकरने काय दिलं? राजीनामा! एका ओळीऐवजी तीन ओळी लिहिल्या गड्याने, पण ती एक लिहिली नाही.

आता मौज ऐका. राजीनामा एक, आणि कारणं किती! घरी सांगितलं, “मॅनेजर नवा आहे, त्याला जुनी माणसं नकोत.” मेहुण्याला सांगितलं, “छातीत धूर जातो रे.” सलूनमध्ये सांगितलं, “दुसरीकडून मोठी बोलावणी आहेत.” बोलावणी! सात महिन्यांत एक पोस्टकार्ड आलं नाही. त्याची बायको शालन दिवसभर साड्यांना फॉल लावायला बसली, आणि हा दिवसभर कारणं शिवत बसला.

शिवता शिवता त्याला एक भारी कापड सापडलं. तत्त्व! ‘ते मला खोटे आकडे लिहायला लावत होते. मी नाही म्हटलं. तत्त्वासाठी नोकरीवर लाथ मारली.’ वा रे वा! स्वतःचं पाप मॅनेजरच्या गळ्यात बांधलं आणि हार स्वतःच्या गळ्यात घातला! आणि मंडळी, दहा वेळा सांगितल्यावर त्याला ते खरंच वाटायला लागलं. आरशासमोर सांगताना एकदा तर त्याने स्वतःलाच नमस्कार केला.

आठव्या महिन्यात मिरजेजवळच्या एका कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. आंब्याचा, टोमॅटोचा गर काढून डबे भरतात तिथे. बॉयलरवर माणूस हवा होता. शनिवारी सकाळी दिनकर इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. शालन दारात आली.

“अहो, एक सांगू? विचारलं तर खरं सांगून टाका. सोळा वर्षांत एक चूक झाली म्हणावं. माणसं समजून घेतात.”

“कुणी सांगितलं तुला चूकबीक?”

“तुमच्याच खात्यातल्या माणसाची बायको फॉलला साडी घेऊन येते.”

“तुला बॉयलरमधलं काय कळतं?”

“बॉयलरमधलं नाही कळत. तुमच्यातलं थोडं कळतं.” आणि ती सुईत दोरा ओवायला लागली. “हे काम मिळू द्या एवढंच. माझे डोळे आता साथ देत नाहीत.”

ऐकलंत? त्या घराचं सगळं या एका मुलाखतीवर टांगलेलं होतं. आणि दिनकर बसमध्ये काय घोकत होता? तत्त्व, तत्त्व, तत्त्व! इतक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर देव तिकीट काढून शेजारी बसला असता.

मुलाखतीला समोर हेर्लेकर मॅडम. कारखान्याच्या इंजिनिअर. पन्नाशीच्या, बोलणं कमी, नजर काटेकोर. सव्वादहा वाजता त्यांनी विचारलं, “आधीची नोकरी का सोडलीत?”

दिनकरने पाठ ताठ केली. “मॅडम, तिथे न पाहता आकडे भरायला लावायचे. लोकांच्या जिवाशी खेळ आहे तो! मी सांगितलं, उपाशी राहीन, पण खोटा आकडा लिहिणार नाही.”

“किती वर्षं होतात तिथे?”

“सोळा.”

“आणि आकडे कधीपासून भरायला लावत होते?”

बघा! केवढा साधा प्रश्न! दिनकरने शर्टाची कॉलर नीट केली. “हे... अलीकडेच.”

मॅडमनी मान हलवली. फॉर्म पुढे सरकवला. ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या चौकटीत दिनकरने वळणदार अक्षरात लिहिलं — तत्त्वाशी तडजोड करावी लागत होती.

“चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “मला असाच माणूस हवाय. चला, तासभर बॉयलरवर बसून दाखवा. मुजावर जेवून घेतील. बाराचं रीडिंग तुम्ही लिहायचं.”

मुजावर म्हणजे तिथला जुना बॉयलरवाला. साठीला टेकलेला माणूस, खांद्यावर पंचा. त्याने तक्ता दिनकरच्या हातात दिला. सातपासून अकरापर्यंतचे आकडे मुजावरने वेडेवाकडे पण पाहून लिहिलेले. एके ठिकाणी तर खाडाखोड, आणि शेजारी लिहिलेलं — ‘आधी चुकीचं वाचलं.’ दिनकरला हसू आलं. असा घाणेरडा तक्ता! आमच्याकडे एक खाडाखोड नसायची!

नसायचीच! न पाहता लिहिणाऱ्याची खाडाखोड कशी होईल?

मुजावर दाराबाहेर डबा उघडून बसला. दिनकर खुर्चीवर बसला. समोर बॉयलर घुमतोय, अंगाला ऊब लागतेय, हातात तक्ता, खिशात पेन. सात महिन्यांनी जीव जागेवर आल्यासारखं वाटलं त्याला. आणि मंडळी, त्या समाधानात त्याने पेन काढलं आणि — काय केलं असेल? सांगा!

बाराला दहा. एकला दहा पूर्णांक एक. दोनला नऊ पूर्णांक नऊ. तीनला दहा!

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्याने कट केला नाही, विचारही केला नाही. हात चालला, आणि हाताने खरं सांगून टाकलं! तासाभरापूर्वी तोंड जे लपवत होतं, ते हाताने शाईने लिहून दिलं. तोंडाला शिकवता येतं हो, सोळा वर्षं एकच काम केलेल्या हाताला काय शिकवणार?

मुजावर डबा संपवून आत आला. तक्त्यावर नजर टाकली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “भाऊ, आमचं घड्याळ मागे आहे की तुमचं पुढे?”

दिनकर दचकला. तक्ता ओढून घेणार, तोच दारात हेर्लेकर मॅडम! त्यांनी हात पुढे केला. दिनकरने तक्ता दिला. दुसरं काय करणार? गिळता थोडाच येतो तो!

मॅडमनी वाचलं. सावकाश, एकेक ओळ. “मगदूम, तुमच्या डोक्यावर फळा आहे. वाचा मोठ्याने.”

दिनकरने मान वर केली. खडूने ठसठशीत लिहिलं होतं. तो वाचायला लागला, आणि आवाज खाली खाली जात गेला. “आज माल संपल्यामुळे... दुपारी एक वाजता... बॉयलर बंद.”

“मग दोनला आणि तीनला वाफ कुठून आणलीत?”

“मॅडम, ते... हाताची सवय हो. सगळेच भरतात.”

“इथे कोण भरतं?”

मुजावर पंचाने तोंड पुसत होता.

“इथे कुणी नाही भरत,” मॅडम म्हणाल्या. “मग सवय कुठली? नोकरी का सोडलीत, ते आता सांगा.”

आणि मंडळी, तिथे दिनकरने सांगितलं. पंप, अकरा वाजून दहा मिनिटं, कँटीन, मॅनेजरने मागितलेली ती एक ओळ. सगळं. बॉयलर घुमत होता, तरी दिनकरचा आवाज ऐकू येत होता.

मॅडमनी तो फॉर्म काढला. “हे घ्या. या चौकटीतलं खोडा आणि आता सांगितलंत ते लिहा. बॉयलर तुमच्या ताब्यात आज देणार नाही. सहा महिने मुजावरांच्या हाताखाली राहा, दर तासाला उठा. सातव्या महिन्यात बघू. पगार सोमवारपासून सुरू.”

अहो, देव आणखी काय वेगळं करतो? पकडतो, आणि पकडून परत दार उघडतो! आपण आत जायचं तेवढं बाकी.

दिनकरने पेन घेतलं. जुनं वाक्य खोडलं. खाली लिहिलं — ‘माझ्या’. पुढे लिहायचं होतं, ‘चुकीमुळे’. चार अक्षरं, मंडळी! त्याला शालनची सुई दिसली. तिचे लाल झालेले डोळे दिसले. पेन कागदावर टेकलं. आणि मग त्याला बाजूला उभा असलेला मुजावर दिसला. पंचावाला, वेड्यावाकड्या अक्षराचा. याच्या हाताखाली? मी? सोळा वर्षांचा दिनकर मगदूम?

पेन थांबलं. शाईचा एक ठिपका पडला.

“मॅडम,” तो उठला, “अनुभवी माणसाला एवढं खाली बसवणं बरोबर नाही.”

“मुजावर रोज तिथेच बसतात,” मॅडम म्हणाल्या.

तो गेला! चार अक्षरं मागे ठेवून गेला. आणि कारखान्याच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत चारशे पावलं असतील नसतील, तेवढ्यात नवीन कारण तयार! थांब्यावरूनच त्याने शालनला फोन लावला. “अगं, माणूस त्यांनी आधीच ठरवला होता. मुलाखत नुसती दाखवायला. मीच म्हटलं, असल्या ठिकाणी आपल्याला राहायचं नाही.”

पलीकडून शालन म्हणाली, “जेवायला घरी येताय ना? भाकरी टाकते.”

तिने पुढे एक शब्द विचारला नाही. विचारणंच सोडून दिलं तिने त्या दिवसापासून. आणि तिला जर कुणी पुसलं असतं, ‘बाई, विचारणं का सोडलंत?’ — तर या सगळ्या आख्यानात कुणाचं तरी कारण पहिल्या फटक्यात खरं निघालं असतं.

हसलात ना दिनकरला? पोट धरून हसलात! आता जरा इकडे बघा. तुमच्या घरी नाम लिहायची वही आहे. रोज एक पान भरायचं, असा नेम. मग गुरुवारी बसून रविवारपर्यंतची पानं कोण भरतं? देवाला काय वाटत असेल — रविवारची भक्ती गुरुवारीच येऊन पडली! आणि सोडलेल्या गोष्टी? तो पोथीवाला म्हणतो वेळ मिळत नाही. मिळतो हो, सगळ्यांना मिळतो! भावाशी बोलणं सोडलं, तो म्हणतो स्वाभिमान. स्वाभिमान! चार अक्षरं लिहायची हिंमत नव्हती, त्याला नाव दिलं स्वाभिमान! दिनकरला निदान एक मॅडम भेटल्या तक्ता बघायला. तुमचा तक्ता कोण बघतोय, हे मी सांगायला हवं का?

आता नामाचा गजर करायचाय. पण लगेच नाही. मी अर्धं मिनिट गप्प बसतो. तेवढ्यात ज्याने जे सोडलंय, त्याचं खरं कारण त्याने मनातल्या मनात एकदा म्हणायचं. दुसऱ्याचं नाव न घेता. ते झालं, की मगच हात उचलायचे, आणि मगच टाळी.

बसा. डोळे मिटा. मी थांबतो —

अहो, मी अजून थांबलोही नाही! टाळी कुणी वाजवली?