आलेखातला तेवढा उंचवटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य भागवतसर, व्यासपीठावर विराजमान विश्वस्त काकासाहेब, जिला आज निरोप द्यायचा ती आमच्या भौतिकशास्त्र विभागाची डॉ. दिशा साळवे, पहिल्या रांगेत बसलेले तिचे आईवडील बन्सीभाऊ आणि बनुबाई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो, मी जयमाला औटी, गणित विभाग. दोन शब्द बोला म्हणाले. गणिताची बाई दोनवर थांबते, असं यांना कुणी सांगितलं?

दिशाचा विषय चुंबकीय धातूंतले इलेक्ट्रॉन. आपल्या पारनेरला हे कळलं तेव्हा शेजाऱ्यांनी बन्सीभाऊंना विचारलं, "मग आता लाईट टिकंल का?" भाऊ म्हणाले, "तिची वीज कागदावरची हाय."

तर तो कागद. साध्या धातूत इलेक्ट्रॉन एकमेकांची फारशी फिकीर करत नाहीत, म्हणून सरासरीवर भागतं. या धातूंत मात्र एक हलला की शेजाऱ्याला हलावं लागतं. दिशाने सरासरी सोडली आणि शेजार धरून गणित मांडलं. चुंबकत्व संपतं त्या तापमानाच्या जरा वर, विजेला होणाऱ्या विरोधाच्या आलेखात, तिला एक छोटा उंचवटा मिळाला. तो दुसऱ्या कुणाच्याच आलेखात नव्हता. एका मोठ्या प्रयोगशाळेने धातू मोजून सांगितलं, "उंचवटा नाहीच."

आमच्या कॉलेजात शनिवारी दुपारी एक रीत आहे. ज्याने गणित केलं त्याने ते फळ्यावर मांडायचं, आणि बाकीच्यांनी ते मोडायला बसायचं. मी बसलेच. आमच्या संगणकात मूठभर अणूच मावतात, म्हणून शेवटचा अणू पहिल्याला जोडून कडं करतात. मी म्हटलं, "अगं, तुझा इलेक्ट्रॉन फिरून स्वतःच्याच दारात येतोय. हा उंचवटा कड्याचा आहे, धातूचा नाही." तिने हा शोधनिबंध नियतकालिकाला पाठवला, तेव्हा त्यांच्या परीक्षकांनीही तेच लिहिलं, वर सुचवलं की उंचवटा वगळा, लगेच छापतो. संशोधन संस्थेतली तिची जागा त्या निबंधावर अडलेली. मीही म्हटलं, वगळ बाई.

ती म्हणाली, "मॅडम, मोडला तर काढते. न मोडता कसा काढू?"

मग तिने टोकं मोकळी सोडून पाहिली, जोड बदलून पाहिला. उंचवटा सरकायचा, बारीक व्हायचा, पण जाईना. इकडे जागा हातची चाललेली. बनुबाईंनी मला बाजारात गाठलं. "बाई, पोरगी जेवत न्हाई. तेवढं काढलं तर काय बिघडतंय?"

शेवटी त्याच प्रयोगशाळेने तोच धातू अगदी सावकाश थंड करत पुन्हा मोजला. उंचवटा होता, तिने सांगितला तिथेच. स्टाफरूममध्ये फोन आला आणि मी या वयात नाचले. हसू नका, भागवतसर साक्षीला आहेत.

निबंध एक ओळही न कापता छापला गेला. जागाही मिळाली. पण खरी गोष्ट कालची आहे. प्रयोगशाळेने आता दुसरा धातू घेतलाय, अजून मोजलेला नाही. त्यांनी लिहिलंय, "डॉ. साळवे, उंचवटा कुठे शोधायचा ते आधी सांगा, मग सुरुवात करतो." बन्सीभाऊ, बनुबाई, उंचवटा नाहीच म्हणणारी माणसं आज तुमच्या लेकीच्या उत्तरासाठी यंत्र बंद ठेवून बसली आहेत.

मला बोलू दिलंत, आयोजकांचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे जीभ जास्त चालली असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला. दिशा, ऊठ आता. त्यांना उत्तर द्यायचंय तुला.