नानांचं काविळीचं ताट

बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे सतरंजी रिकामी आहे.

मंडळी, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. एकतीस वर्षं मी आपल्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, बोलण्याची भीती मला नाही. पण फळ्यासमोर बोलणं वेगळं आणि या फोटोसमोर वेगळं. त्यात आज रविवार. दहा वाजलेत. या वेळेला हरीनाना आपल्या ओट्यावर बसलेले असायचे, समोर पितळेचं ताट, आणि कुंपणापर्यंत रांग. पेणहून, उरणहून माणसं यायची, कावीळ उतरवायला. आज ओटा रिकामा आहे आणि रांग इथे जाळ्यांच्या शेडमध्ये बसली आहे. बोलणं अवघड आहे. तरी बोलते.

नाना एक्क्याऐंशी वर्षांचे होऊन गेले. दुपारी जेवले. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. सुनेला, या रेखाला म्हणाले, "आज मीठ बरोबर परला." मग आडवे झाले ते उठलेच नाहीत. इतकं स्वच्छ मरण आलं, म्हणून आज रडारड नको. मला तरी रडायचं नाही. मला एक काम सोपवलेलं आहे, ते करायचं आहे.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रोग्याने ताटावर दोन्ही हात धरायचे. नाना हातांना चुना लावायचे आणि वरून तांब्याने पाणी सोडायचे. ताटात पिवळं पाणी जमायचं. लोक म्हणायचे, बघा, कावीळ उतरली. मग नाना एक मुळी द्यायचे. पैसा घेत नसत.

मी त्यांच्याविरुद्ध होते. उघड विरुद्ध होते. ते पाणी आंब्याच्या झाडाची साल भिजवलेलं असतं. त्यात चुना मिसळला की कोणाचेही हात धुवा, पाणी पिवळंच होणार. एका वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी ते करून दाखवलं. सातवीतल्या एका ठणठणीत मुलीचे हात धुतले. पाणी पिवळं धमक. टाळ्या पडल्या. मागे बघते तर दाराशी नाना उभे, टोपी हातात.

मला म्हणाले, "बाई, पानी पिवलाच व्हनार. मना ठावं हाय."

"ठाऊक आहे? मग लोकांना फसवता कशाला?"

"मानूस हात म्होरं करतो ना. तवर बगाया मिलतं."

"काय बघायला मिळतं?"

"हात," म्हणाले, आणि टोपी घालून गेले.

मला वाटलं, म्हातारा टोलवतोय. पुढची सहा वर्षं मी त्यांना रस्त्यात नमस्कारसुद्धा केला नाही.

आता माझ्या घरचं सांगते. माझे यजमान कोर्टात कारकून होते, तुम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणता. साखरेच्या आजाराने त्यांचं यकृत कडक होत गेलं होतं. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. गावात काय बोललं जात होतं तेही मला ठाऊक आहे. "बाईंच्या धाकानं मागल्या दारी घेत असतील." हसू नका, बोलणारे इथेच बसलेत.

मी त्यांना वेळापत्रक लावून दिलं होतं. पथ्य, चालणं, गोळ्या. सगळं काटेकोर. आणि एका दिवाळीनंतर त्यांचं बिघडायला लागलं. दुपारभर झोपायचे. चहात मीठ घातलं. एकच गोष्ट तीनतीनदा विचारायचे. डोळे जरा पिवळट. मी रागवायची. निवृत्त झाला की माणूस आळशी होतो, हे माझं निदान. विज्ञानाच्या शिक्षिकेचं निदान.

एका रविवारी ते पेपर आणतो म्हणून गेले आणि नानांच्या रांगेत जाऊन बसले. मला सांगायची हिंमत नव्हती. तासाभराने दाराशी रिक्षा थांबली. नाना त्यांना कोपराला धरून उतरवत होते. ओट्यावरची रांग तशीच टाकून आले होते.

मी उंबऱ्यातच आडवी उभी राहिले. "नाना, माझ्या घरात ते ताट येणार नाही."

"ताट न्हाय आनला. भावसाहेबांचं हात बगा."

"मी रोज बघते."

"न्हाय बगत. भावसाहेब, यष्टी थांबवा बरं."

यजमानांनी दोन्ही हात पुढे केले, पंजे वर, बोटं पसरून. आणि मी पाहिलं. पंजे खाली पडत होते, झटक्याने वर येत होते, पुन्हा पडत होते. टोपलीत टाकलेला मासा शेवटी शेवटी शेपटी हलवतो ना, तसे. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं.

नानांनी विचारलं, "भावसाहेब, आज वार कंचा?"

यजमान म्हणाले, "कोर्टाला सुट्टी पडली का?" कोर्ट सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती.

नाना माझ्याकडे वळले. "बाई, ही कावील माझ्या ताटातली न्हाय. आत्ताच्या आत्ता न्या. जेवत बसू नका."

मी जेवत बसणार होते. खरं सांगते. पानं वाढलेली होती.

अलिबागच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. मी एकटी, म्हणून नाना होते तसे अँब्युलन्समध्ये चढले. मांडव्याला रो-रो बोटीवर गाडी चढवली, तोवर यजमान हाकेला ओ देईनासे झाले होते. हॉस्पिटलात थेट अतिदक्षता विभागात, तोंडात नळी, बाजूला यंत्र. उद्यावर टाकलं असतं तर काय झालं असतं, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि म्हणाल्या, "काका, हात पुढे करा. बस थांबवतो तसे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "ही तपासणी तुम्ही कुठे शिकलात?"

"कॉलेजात. वॉर्डात शिकवतात."

"आमच्या गावात एकजण ओट्यावर शिकलाय."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट समजावलं. यकृत रक्त साफ करीनासं झालं की विष मेंदूत चढतं. माणूस भरकटतो, आणि हात स्थिर धरता येत नाही. म्हणाल्या, "त्यांना सांगा, अगदी बरोबर ओळखलं." मी निरोप दिला. नाना म्हणाले, "मंग? चुकला असता त बाईंनी मना सोरला असता काय?"

नंतर मोठे डॉक्टर आले. हे यकृत आता फार दिवस ओढणार नाही, नवं बसवावं लागेल. घरातल्या कोणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर यकृत दोघांच्याही अंगात पुन्हा वाढतं. माझा रक्तगट जुळला नाही. आमची मुलगी मनाली नोकरीवरून थेट हॉस्पिटलात आली होती, कँटीनमध्ये इडली खात होती. मान वर न करता म्हणाली, "माझं घ्या."

मी नाही म्हटलं. चार दिवस नाही म्हणत राहिले. सत्तावीस वर्षांची पोर, लग्न व्हायचं आहे, तिचं पोट फाडायचं? नवरा एका पारड्यात आणि मुलगी दुसऱ्या पारड्यात, हे गणित मला येत नव्हतं. मनालीच्या तपासण्या झाल्या, तिची सही झाली, तरी मी नाहीच म्हणत होते.

चौथ्या दिवशी नाना गावाहून पुन्हा आले. बाकावर माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

त्यांना धाकटा भाऊ होता, पांडू. त्याला कावीळ झाली तेव्हा नाना तिशीत होते, ताट नुकतंच हाती आलेलं. म्हणाले, "पांडूचा हात फरफरत व्हता, बाई. मना वाटला थंडी हाय. मी दोन्ही हातांत घट धरून ठेवला, आनि पानी वतीत ऱ्हायलो. पिवला पानी बगून आय खूश. तिसरे दिशी पांडू गेला. तवा कोनी माझ्या पोटातला तुकरा मागितला असता त मी उभ्यानं दिला असता. कोनी मागितलाच न्हाय. तुमची पोर देते म्हनते. तिला देऊं द्या."

तेव्हापासून नाना हात बघत होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. ज्याचा हात फडफडला त्याला धुवायचे नाहीत, दवाखान्यात जा म्हणून परत पाठवायचे. आणि आम्ही म्हणायचो, म्हातारा लहरी आहे.

मी हो म्हटलं. दोन ऑपरेशन थिएटर, मध्ये एक बाक, आणि बाकावर मी आणि नाना. दिवस संपेपर्यंत ते हलले नाहीत. मनाली आधी बाहेर आली. मग हे.

त्याला सात वर्षं झाली. मनालीचं लग्न झालं, तिची दोन वर्षांची मुलगी आत्ता बाहेर जाळ्यांवर नाचते आहे, कोणीतरी तिला उतरवा. भाऊसाहेब तिसऱ्या रांगेत बसलेत. अहो, उभं राहू नका. दिसताय तुम्ही. त्यांच्या गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला, त्यात सात वर्षांत चूक नाही. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, जंतूंपासून जपायचं म्हणून आमच्याकडे कोणीही आलं तरी आधी साबणाने हात धुवायचे. पहिल्यांदा नाना आले तेव्हा त्यांनाही मी मोरीकडे पाठवलं. गावाचे हात धुणारा माणूस मुकाट हात धुऊन आला, आणि मला म्हणाला, "पानी पांढराच हाय, बाई. कावील न्हाय मना."

मग आम्ही एक तडजोड केली. मुळी बंद. ते त्यांनी ऐकलं. धुणं मात्र बंद करीनात. "धुनं न्हाय त कोन येनार? आनि आला न्हाय त हात कोन बगंल?" मला ते पटत नव्हतं. खोटं आहे, ते चालू ठेवायचं कसं? पण रांग त्यांच्याकडेच येत होती. म्हणून सात वर्षं दर रविवारी मी त्या ओट्यावर बसले. नाना हात बघायचे, मी माणूस रक्ततपासणीला पाठवायची. एकालाही त्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही. काही वाचले. काही उशिरा आले, ते नाही वाचले.

आता कामाचं.

नानांना जाऊन दोन दिवस झाले नव्हते, तर रेखाच्या दारात माणसं उभी. "वहिनी, ताट तर घरान हाय ना? तुमचा हात लागला तरी चालंल." तीही माणसं इथे बसली आहेत. कोणी म्हणालं, नानांचा वसा आहे, सुनेने चालवावा. रेखा माझ्याकडे आली. "बाई, न्हाय म्हनलं त लोक बोलतील. व्हय म्हनलं आनि कोनी मेला त?"

रेखा, तुझं उत्तर मी देते. माझं नाही, नानांचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितलं. "मी गेलो का धुनं बंद. ताट ऱ्हाईल, माझी नजर ऱ्हानार न्हाय. लोक पिवला पानी बगून घरी जातील आनि मरतील, माझ्या पांडूवानी. ह्ये तुम्ही सांगा. तुमचा आवाज मोठा हाय."

म्हणून मोठ्या आवाजात सांगते. धुणं बंद. या गावात कोणी कावीळ धुणार नाही. रेखाला कोणी विचारायचं नाही; विचारायचं असेल त्याने माझ्या दारात यावं. डोळे पिवळे दिसले तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं. माणूस दिवसा झोपतो, असंबद्ध बोलतो, पोट फुगलंय, हात स्थिर राहत नाही, तर त्याच घटकेला न्यायचं. जेवत बसायचं नाही.

आणि ते ताट कुठे आहे विचाराल, तर समोर बघा. फोटोपुढे ज्यात फुलं ठेवलीत ते तेच. रेखाने काल चिंचेने घासलं. उद्यापासून ती त्यात भाकरीचं पीठ मळणार आहे.

आता उठा. सगळे उठा. एक मिनिट शांत उभं राहायचं आहे, पण हात जोडून नाही. एसटी थांबवतो तसे दोन्ही हात पुढे करा. पंजे वर, बोटं पसरून. मुलांनो, तुम्हीसुद्धा. स्वतःच्या हातांकडे बघा, मग शेजाऱ्याच्या. नाना बघायचे तसे बघा, घाई न करता. तिसऱ्या रांगेतले दोन हात मला इथून दिसताहेत. ते स्थिर आहेत.

नाना, गावाने हात पुढे केलेत. बघून घ्या.