नाकातला कांदा

त्या विमानाच्या डिझाइनमध्ये काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. दुकानांबाहेर लावतात ना, तसल्या पोकळ प्लास्टिकच्या बोर्डांतून मी ते स्वतः कापून बनवलं होतं. रिमोटवर हवेत कोलांट्या मारणारं, अगदी हलकं. मोबाइलला कॅमेरे नव्हते तेव्हा, नाहीतर पुरावाच दाखवला असता.

उडवायला मी विंचूरला, ओळखीचे कांदा पिकवणारे शेतकरी तात्या यांच्या मोकळ्या रानात जायचो. जानेवारीत पहिल्यांदा नेलं, तर शेपूट जड होत होतं. नाकात थोडं वजन हवं होतं. तात्यांनी ढिगातला एक लाल कांदा दिला. तो इंजिनामागे चिकटपट्टीनं घट्ट बसवला आणि विमानानं काय गिरक्या घेतल्या म्हणून सांगू! उलटंसुद्धा उडालं.

मग ते तसंच घरी पडून होतं. मार्चअखेरीस माझ्या सातपूरच्या कंपनीतले चार मित्र मुद्दाम बघायला नेले. विमान सुटलं, नाक वर करून हवेत उभं राहिलं आणि धपकन खाली आलं. प्लास्टिकचं म्हणून तुटलं नाही, नुसतं दुमडलं. आम्ही सगळे इंजिनियर. इंजिन, इंधन, रेडिओ यावरून भांडायला लागलो.

तात्यांनी शांतपणे नाक उघडून कांदा काढला. सुकून निम्मा झाला होता.

"लाल कांदा हाय हा, साहेब. टिकत नाय. मला वाटलं, तुमाला एका दिवसापुरता पायजे."

मग नुकताच काढलेला उन्हाळ कांदा आणला, हातात तोलला आणि मला दिला.

"हा घाला. दिवाळीपर्यंत नाक उघडायचं काम नाय."