तामाची वेणी

(ऑकलंडचा विमानतळ. रारोटोंगाच्या विमानाची वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या.)

अकाइती : टोपी खाली ओढ त्याची. अजून. कानांवर आली पाहिजे.

नूरोआ : उकडतंय गं पोराला.

अकाइती : उकडू दे. तुझी बहीण तिकडे तपासणीच्या रांगेत उभी आहे, ती बघ, लाल फुलांचा झगा. त्या माणसाशी भांडतेय. त्याचं डोकं खाऊन झालं की इथे येईल आणि पहिला हात ठेवील तो तामाच्या डोक्यावर.

नूरोआ : मी सांगतो तिला.

अकाइती : तू? काय सांगणार? ‘ताई, पर्थहून विमान सुटलं, दोन बिअर पोटात गेल्या, आणि मी पोराला संडासात नेऊन त्याची सहा वर्षांची वेणी कापली’? असं सांगणार?

नूरोआ : तो रडत होता, अकाइती.

अकाइती : तान्ही मिईसुद्धा रात्रभर रडली. तिचं काय कापलंस?

नूरोआ : तुला माहीत नाही काय काय झालं ते. पर्थला पुरुषांच्या संडासातून एका म्हाताऱ्याने त्याला हाकललं, मुलींचं तिकडे म्हणून. विमानात ती हवाईसुंदरी तीनदा त्याला ‘छोट्या बाईसाहेब’ म्हणाली. वर रंगवायला पऱ्यांचं पुस्तक दिलं. तो मला म्हणाला, बाबा, कापून टाक.

अकाइती : आणि तू टाकलीस! परवा आइस्क्रीमसाठी तो मिईला शेजाऱ्यांना देऊन टाकायला निघाला होता. दिलीस का?

नूरोआ : चिडवणं म्हणजे काय असतं ते तुला...

अकाइती : मला नको शिकवू. शाळेत रोज त्याला चिडवतात. रोज मी त्याला जवळ बसवते, खोबरेल लावते, विंचरते आणि सांगते, बाळा, शनिवारी आजी कापणार, तोवर थांब. सहा वर्षं सांगितलं. उवा काढल्या, गुंते काढले, त्याच्या लाथा खाल्ल्या. दोन दिवस राहिले होते, नूरोआ. दोन दिवस! आणि तू स्वतः? खांद्यापर्यंत केस वाढवून बुचडा बांधून हिंडतोस. तुला म्हटलं कुणी बाईसाहेब?

नूरोआ : मला कोण म्हणेल? शंभर किलोचा आहे मी.

अकाइती : हो, शंभर किलो. त्यात अक्कल छटाकभर नाही. खाणीत डोंगर फोडतोस म्हणे. आणि पोराची वेणी कापायला मिळाली ती रंगकामाच्या पेटीतली कात्री. कागद कापत नाही ती! उंदराने कुरतडल्यासारखं झालंय डोकं.

नूरोआ : हे बघ, इथे आज शुक्रवार आहे. तारखेची रेषा ओलांडून तिकडे पोचू तेव्हा गुरुवार असेल. एक दिवस जास्तीचा मिळतोय. काहीतरी सुचेल.

अकाइती : वा! काल पोचणार म्हणून वेणी परत येणार आहे का डोक्यावर?

नूरोआ : तू ना, नुसती टाकून बोलतेस.

अकाइती : मग काय ओवाळू तुला? तुझं स्वतःचं जावळ वादळात गेलं. छप्पर उडालं, अख्खं गाव चर्चच्या हॉलमध्ये राहिलं, पोरांना उवा झाल्या आणि सगळ्यांची डोकी सरसकट भादरली. एकुलता एक मुलगा, आणि तुझ्या आईच्या नशिबी त्याच्या केसांना कात्री लावणंही नव्हतं. म्हणून तिने तामाचं मागून घेतलं. माझ्या बाळंतपणात, माझा हात धरून. त्या म्हातारीला कसं तोंड दाखवणार आहेस?

नूरोआ : हळू बोल. आली.

तुआइने : काय मेली माणसं! कोंबडीचा डबा उघडून बघतात. म्हटलं, बाबा, तळलेली आहे, उडणार नाही. रारोटोंगाहून पुढे आपल्या बेटावर, ऐतुताकीला जाताना कोंबडी न नेणारा माणूस बघितलायस का कधी? ये रे नूरोआ. जाडा झालास. चांगलं आहे. पण हे केस काय रे? गेल्या वेळेस मानेपर्यंत होते, आता बुचडा? बाई आहेस का?

नूरोआ : ताई, तू बस ना आधी.

तुआइने : बसते की. कशी आहेस, अकाइती? वाळलीस. खात नाहीस का काही? हे काय, गाजराच्या काड्या? पोरांना गाजरं घालतेस प्रवासात? मग रडतील नाही तर काय करतील!

अकाइती : मिईला दात येताहेत, वन्सं.

तुआइने : आम्हाला काय दात आले नव्हते? आणि ही गाडी बघा. चार चाकं, छत्री, पेला ठेवायला जागा. अगं, मूल काखेत मारायचं नि चालायचं. आमच्या आईने पाच पोरं जहाजातून आणली, खाली मालात बसून, ओकत. तिच्याकडे होती का चार चाकं? तामा, ये रे राजा. आत्याला विसरलास? बोल ना. आपल्या भाषेत बोल.

अकाइती : त्याला सगळं समजतं.

तुआइने : समजतं तर कुत्र्यालाही. बोलता येतं का? तुलाच येत नाही नीट, तू त्याला काय डोंबल शिकवणार. जाऊ दे. डुकरं बांधून ठेवलीत, अकरा. पुरुष मंडळी तिकडच्या गुरुवारपासून ती भाजायला उमूचा खड्डा खणणार. आईने तिवाइवाईची गोधडी पुरी केली, बरं का. दोन वर्षं शिवत होती, डोळ्यांनी धड दिसत नाही तरी. जांभळी फुलं, एकेक पाकळी हाताने. जावळाच्या खुर्चीवर अंथरणार. रोज फोनवर एकच, केस किती झाले गं, कमरेला लागले का? इथे आत टोपी कशाला घातलीय याला?

अकाइती : वारा लागतो.

तुआइने : इथे? काचेत वारा? काढ बघू. मला वेणी बघू दे.

नूरोआ : ताई, असू दे. झोपेतून उठलाय तो.

तुआइने : अरे, बघते नुसती. तुमचं काय बिघड... अरे देवा!

नूरोआ : ताई...

तुआइने : देवा, देवा! हे काय? हे काय केलंत? कुठे गेले केस?

नूरोआ : ताई, ओरडू नकोस, लोक बघताहेत. ते विमानात...

तुआइने : तू गप्प बस. बायकोला पाठीशी घालू नकोस. मी हिला विचारतेय. वर बघ, अकाइती. कुणाची करणी ही?

अकाइती : सांग ना, नूरोआ.

तुआइने : त्याला काय विचारतेस? तो काय सांगणार? तुझ्यापुढे कधी तोंड उघडलंय त्याने?

अकाइती : नूरोआ, मी तुला दुसऱ्यांदा सांगतेय. बोल.

तुआइने : बघ, कसा बसलाय मिठाची गुळणी धरून. त्याची जीभसुद्धा तूच नेलीस.

अकाइती : बरं. मग माझीच करणी. मी कापली.

तुआइने : वाटलंच मला! पहिल्या दिवशीच म्हटलं होतं आईला, मांगाइयाची मुलगी नको. त्या बेटाला चारी बाजूंनी नुसता दगड, आणि माणसांच्या डोक्यातही तोच. त्यात ही ऑस्ट्रेलियात वाढलेली. हिला काय जावळाचं? हिला वाटलं, केस लांब झाले, कटकट होते, चला, कापा! न्हाव्याकडे नेल्यासारखं! अगं, म्हातारी पोराच्या एकेका बटेला एकेक फीत बांधणार होती. पहिली बट तिने कापायची, मग मी, मग साऱ्या गावाने. आता त्या खुर्चीवर कुणाला बसवू? तुझ्या गाजरांना?

अकाइती : संपलं?

तुआइने : नाही संपलं! नऊ वर्षं माझ्या भावाला त्या लाल मातीत नेऊन ठेवलंस. गावातल्या सगळ्या सुना चर्चला सासूच्या मागे चालतात, तू कधी आलीस? एक गोष्ट सांभाळायची होती तुला, एकच. पोराच्या डोक्यावरचे केस! तेही जमलं नाही. टाकलेस कुठे? कचऱ्यात?

अकाइती : हे घ्या. पिशवीत आहेत. एकही केस टाकलेला नाही.

तुआइने : मेहेरबानी! दाखव. अगं आई गं, केवढी झाली होती ही. आणि कशी मऊ. हे काय बांधलंय? बुटाची नाडी?

अकाइती : असेल.

तुआइने : असेल म्हणजे? तूच बांधलीस ना?

अकाइती : वन्सं, विमानात चढायची वेळ झाली. माणसं उठताहेत.

तुआइने : उठू देत. विमान आपल्याला टाकून जात नाही, अर्धं विमान माझ्याच नात्यातलं आहे. दोन्ही टोकांना बांधलीय. आधी बांधली, मग कापली. ही गाठ बघ. बरं, सोडून दाखव.

अकाइती : मला नाही सोडायची.

तुआइने : तुला सुटणारच नाही. मलाही सुटायची नाही, मुलींना शिकवली नव्हती ती. आमचे बाबा होडीचा बाजूचा ओंडका असा बांधायचे. आडवी, तिरपी, मग आतून परत. ही गाठ त्यांनी एकालाच शिकवली. तामा, पाय पुढे कर, बाळ. तुझ्या बुटाची नाडी कुठाय?

नूरोआ : ताई.

तुआइने : आता तोंड फुटलं?

नूरोआ : मी सांगणारच होतो.

तुआइने : कधी? आईच्या मयताला? मी इथे तुझ्या बायकोच्या बेटाला शिव्या घातल्या, तिथल्या माणसांना घातल्या, आणि तू शंभर किलोचा पुरुष, गाजर चघळत ऐकत बसलास!

नूरोआ : तू बोलू देत नाहीस कुणाला.

तुआइने : हे मात्र खरं. पण म्हणून? अरे, तिने दोनदा हाक मारली तुला. दोनदा! मी मूर्ख, मला कळलं नाही. तू तर मूर्ख नाहीस, तू भित्रा आहेस.

अकाइती : वन्सं, मघाशी मांगाइयाचं काढलंत. आता ऐतुताकीचं मी सांगू? नुसती वाळू. पाय ठेवला की खचते.

तुआइने : ऐक! ऐक, नूरोआ. आणि ती खोटं बोलत नाहीये. मुलगी दे इकडे, अकाइती. दे म्हणते ना. हात अवघडला असेल तुझा. कापताना तुला काय वाटलं रे?

नूरोआ : मला वाटलं, तो हसेल. वेणी हातात आली आणि तो आरशात बघून आणखीनच रडायला लागला. मग मीही... दार वाजवायला लागले लोक.

अकाइती : हे मला नाही सांगितलंस.

नूरोआ : तू बोलू देत नाहीस.

अकाइती : माझ्यावर नको ढकलू. बायका बोलतात म्हणून तुला गप्प बसता आलं, हे तुझं कायमचंच आहे. नऊ वर्षं.

तुआइने : आता ऐका. ही वेणी आईच्या हातात नूरोआ देणार. अकाइती नाही, मी नाही. विमानातून उतरलं की सरळ तिच्यापुढे जायचं, आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

नूरोआ : ती मरेल, ताई.

तुआइने : ती? ती वादळात नाही मेली. रडेल. तुला दोन ठेवून देईल. आणि मग विचारेल, खुर्चीवर कोण बसणार?

अकाइती : तेच तर. कोण बसणार? डुकरं, पाहुणे, तिवाइवाई...

तुआइने : आईच्या ट्रंकेत लाल फिती आहेत. नूरोआसाठी आणलेल्या. घर गेलं, भांडी गेली, फिती राहिल्या, आणि तिने त्या कधी दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत. तामासाठी नव्या घेतल्या, पण त्या जुन्यांना हात लावू दिला नाही. मला वाटायचं, म्हातारीला वेड लागलंय. बुचडा सोड.

नूरोआ : काय?

तुआइने : बुचडा सोड. बघू दे किती लांब आहेत.

नूरोआ : ताई, चेष्टा करू नकोस. मी छत्तीस वर्षांचा आहे.

अकाइती : सोड. मी सोडते, थांब. वन्सं, खांद्याच्या खाली येतात. तीस बटा सहज होतील.

तुआइने : चाळीस. पातळ धरल्या तर पन्नास.

नूरोआ : अख्खं गाव येणार आहे! पाद्री येणार! मी तिथे फिती बांधून खुर्चीवर बसू? लोक हसतील.

अकाइती : हसू देत.

तुआइने : हसतीलच. मीच आधी हसेन. पण आई हसणार नाही. तुझ्या केसांना कात्री लावायला ती तीस वर्षं थांबलीय. चल, उठा आता, खरंच दार बंद करतील. अकाइती, ती गाडी घडी कर. बरी आहे तशी, पेला ठेवायला जागा आहे. आणि ते दगडाचं म्हणाले ना मी...

अकाइती : म्हणालात.

तुआइने : परत नाही घेणार. दगडच आहेस. आमच्या घरात एखादा हवा होता. हा डबा धर कोंबडीचा, आणि ती गाजरं फेकून दे.

अकाइती : नाही फेकणार.

तुआइने : बघ, दगड! नूरोआ, काय मान खाली घालून उभा राहिलायस? चल.

नूरोआ : सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटतंय.

तामा : बाबा, माझी टोपी हवीय तुला?